खुणेपाशी

सस्काटून,
१० फेब्रुवारी १९७४

मार्ता,

पत्र बघून दचकू नकोस, दारिया ठणठणीत आहे. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे पाच घरांत मिळून फोनची एकच लाइन. मी 'हॅलो' म्हणायच्या आत मिसेस क्लिमचुक श्वास रोखून बसलेली ऐकू येते. ही बातमी तुझ्याआधी तिला कळावी असं मला वाटत नाही.

तुझी मुलगी लांब उडी मारते. सप्टेंबरात ती राहायला आली तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. गावातलं हायस्कूल बंद झालं, तर शिक्षण होईपर्यंत आत्याच्या घरी राहील, एवढंच आम्हा भावंडांचं, माझं आणि ओरेस्तचं, बोलणं झालं होतं. पण जानेवारीत मी वर्गातल्या सगळ्या मुलींना जिममधल्या गाद्यांवर उड्या मारायला लावल्या. दारिया सहा पावलं धावली आणि अशी उडाली की गाद्या संपल्या नि ती समोरच्या भिंतीला जाऊन थडकली. कपाळाला टेंगूळ आलं. उठली ती हसतच.

चुका म्हणशील तर ढीगभर. धावताना उडी घ्यायच्या फळीकडे बघते. सुरुवातीलाच सगळा दम घालवते. हवेत पाय नुसते सोडून देते. आणि उतरताना मागे बसते, हात मागे टेकते, म्हणजे कमावलेलं वीतभर अंतर तिथेच गेलं. एवढं सगळं चुकवून ती पाच मीटरच्या पुढे जाते. चौदा वर्षं शिकवते आहे मी, अशी मुलगी हाताखाली आली नव्हती.

धावायचं कसं ते मी शिकवीन. उतरायचं कसं ते तू सांग. आपल्या वेळी तुझ्यासारखं कुणी उतरत नव्हतं. त्या पंचावन्न सालच्या स्पर्धेत तू पहिली आलीस आणि मी दुसरी, ते काही उगाच नाही. तू पाय कसे टाकायचीस, ते जरा लिहून पाठव.

ओलेना


झोलोटा,
१७ फेब्रुवारी

नणंदबाई,

तुझं पत्र तुझ्या भावानं जेवताना मोठ्यानं वाचलं. 'माझी पोरगी!' म्हणत दोनदा टेबलावर हात आपटला. वर म्हणतो, 'आमच्या घराण्यातच आहे ते!' प्रांताचा विक्रम घराण्यात कुणाच्या नावावर आहे, असं मी विचारलं नाही. बटाटा भरून उकडलेल्या पिरोग्यांची थाळी पुढ्यात सरकवली आणि गप्प बसले. माझं गप्प बसणं त्याला अजून कळत नाही, लग्नाला अठरा वर्षं झाली तरी.

खरं सांगू? मला राग आला. सोळा वर्षं ही पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढली. किती वेळा म्हटलं, चल, तुला उडी शिकवते. 'आई, थंडी आहे.' 'आई, मग बघू.' आणि तुझ्याकडे पाच महिने राहिली तर भिंतीला जाऊन थडकते. तिनं मला याबद्दल एक ओळ लिहिली नाही. मागच्या पत्रात काय, तर लोकरीचे मोजे पाठव आणि बडीशेपेचं लोणचं पाठव. मोजे विणायला आई आणि उडी मारायला आत्या, अशी वाटणी झालेली दिसते.

शाळा बंद झाल्यावर विक्रमांचा तो लाकडी फलक आता आइस रिंकच्या कॅन्टीनमध्ये लावलाय, कॉफीच्या भांड्याच्या वर. मार्ता साव्चुक, लांब उडी, १७ फूट साडेदहा इंच, १९५५. दर शनिवारी कॉफी घेताना मी तो बघते. बघत नाही असं दाखवून बघते. मिसेस क्लिमचुक म्हणते, 'मार्ता, तुझ्या नावावर वाफ बसून रंग उडायला लागलाय हं.' तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

उतरण्याचं मला काही आठवत नाही. वय झालं. तिला म्हणावं फळीकडे बघू नकोस, वाळूच्या खड्ड्यापलीकडे एखादं झाड असेल त्याच्या शेंड्याकडे बघ. एवढं तर तुलाही ठाऊक असेल. युनिव्हर्सिटीत शिकवत असतील ना.

मार्ता


सस्काटून,
१० मार्च

मार्ता,

आठवत नाही काय! तुला सत्तेचाळीस सालचं वादळ, कुणाच्या लग्नात कोबीचे गोळे कमी पडले आणि मी कोणत्या वर्षी तुझी रिबीन हरवली, हे सगळं आठवतं. उतरण्याचं तेवढं विसरलीस. बरं, राहू दे.

दारियानं तुला लिहिलं नाही, त्याचं कारण तिनंच सांगितलं. म्हणाली, 'आईच्या नावापुढे तो आकडा आहे ना. जमलं नाही तर तिला काय तोंड दाखवू?' मी तुला हे सांगावं असं तिला वाटत नाही. पण तू तिकडे वाटण्या करत बसली आहेस, म्हणून सांगितलं.

काम जोरात चालू आहे. धाव आता सतरा पावलांची केली आहे. पहिली पावलं लांब नि सावकाश, मग हळूहळू कंबर वर, गुडघे वर. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब आणि खाली बसतं, शेवटचं आखूड आणि झटकन. हे तिला अजून जमत नाही. फळी जवळ आली की घाबरते आणि तीन पावलं तुकडे तुकडे करून टाकते. वेग सगळा तिथेच मरतो. म्हणून मी आपली जुनी पद्धत काढली. फळीच्या आधी सहा पावलांवर आपण चुन्याची रेघ मारायचो, तशी मी चिकटपट्टी लावते. पाय त्या खुणेवर पडला की पुढची सहा पावलं डोळे मिटून टाकावीत, फळी आपोआप पायाखाली येते. पाय खुणेच्या पुढे पडला तर फळी ओलांडली जाणार, उडी बाद. मग जेवढा पुढे पडला तेवढी सुरुवात मागून करायची. धावणारीला हे दिसत नाही आणि तिनं बघूही नये. म्हणून खुणेपाशी कुणीतरी उभं राहून सांगायचं.

मी मुलींना सांगितलं की आमच्या गावातून आम्ही दोघीच यायचो, मास्तरांच्या ट्रकमध्ये मागे बसून. एकमेकींना हरवायला आलेल्या, आणि तरी मार्ता माझी खूण बघायची, मी मार्ताची. त्यांना खरं वाटेना. एक म्हणाली, 'मिस, आणि तिनं खोटं सांगितलं असतं तर?' मी म्हटलं, 'आमच्या गावात असं कुणी करत नाही.'

ईस्टरला दारियाला पाठवते आहे. तिचं उतरणं एकदा नुसतं बघ. बाकी काही मागत नाही.

ओलेना


झोलोटा,
२१ एप्रिल

ओलेना,

दारिया काल बसनं निघाली. बरोबर ईस्टरचा एक पास्का पाव आणि रंगवलेली अंडी दिली आहेत. लाल अंडं तुझं.

ईस्टरच्या आठ दिवसांत तिनं 'आत्या म्हणते' किती वेळा म्हटलं, ते मी मोजायचं ठरवलं होतं. मंगळवारी दुपारीच सोडून दिलं. आत्या म्हणते सकाळी अंडं खावं. आत्या म्हणते टाचा उचलून चालावं. चर्चमध्ये खाण्याच्या टोपलीवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायला रांगेत उभ्या होतो तर ही कंबर सरळ करून उभी. का, तर आत्या म्हणते. मी म्हटलं, 'आत्यानं देवाला काय म्हणायचं तेही सांगितलंय का?' ती हसली. मला हसायचं नव्हतं, मला टोचायचं होतं. तिला ते कळलंही नाही, इतकी ती खूश होती.

गुरुवारी तिला कोठारात नेलं. गव्हाचा ढीग अजून अर्धा आहे. मी उतरायला अशाच ढिगावर शिकले होते, माझ्या बापाच्या कोठारात. तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं म्हणूनच सांगितलं नाही. वाळूत मागे बसलं तर नुसता हात टेकतो. गव्हात मागे बसलं तर कमरेपर्यंत रुतायला होतं आणि कपड्यांत, चड्डीत, सगळीकडे दाणे जातात. दहा वेळा दाणे गेले की अंग आपोआप शिकतं. पाय लांब फेकायचे, टाचा टेकल्या की गुडघे सोडून द्यायचे आणि कमरेला टाचांच्या पुढे निघून जाऊ द्यायचं. हात मागून पुढे, गवत कापल्यासारखे.

तिला तोंडानं सांगितलं तर म्हणाली, 'आत्या म्हणते पोट आवळायचं.' तेवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. गमबूट काढले, स्कर्ट खोचला आणि कोठाराच्या फळ्यांवरून धावत जाऊन मी उडी मारली. छत्तीस वर्षांची बाई. आठ पावलं मिळाली असतील नसतील. पण उतरले मात्र जशी उतरायची तशी. ढिगावरून घसरत पुढे गेले आणि उभी राहिले.

दारिया टाळ्या वाजवायला लागली. 'आई! आई, काय उतरतेस गं तू!' माझ्या छातीत इतकं भरून आलं म्हणून सांगू. आणि पुढच्याच श्वासाला म्हणते, 'हे आत्याला सांगायलाच हवं!'

मग तिनं उडी घेतली. चौथ्या खेपेला जमलं. ओलेना, ती छताच्या तुळईपर्यंत गेली असं वाटलं मला. मी खाली उभी राहून बघत होते. माझ्यातली आई तिला झेलायला हात पुढे करत होती आणि माझ्यातलीच दुसरी कुणीतरी नुसती जळत होती. ती दुसरी कोण ते तुला माहीत आहे. पंचावन्न सालची सतरा वर्षांची मुलगी अजून माझ्यात जिवंत आहे आणि तिला ही पोर आवडत नाही. हे मी फक्त तुला लिहिते आहे, कारण हे समजेल असं दुसरं कुणी मला माहीत नाही.

पाठ धरली आहे. ओरेस्तला सांगितलं की पोतं उचलताना धरली.

मार्ता


सस्काटून,
१२ मे

मार्ता,

तुझ्या गव्हानं कमाल केली. उतरताना आता हात मागे जातच नाही. काल पाच मीटर अडतीस. तुझ्या आकड्याचे मीटर केले तर पाच पंचेचाळीस होतात. हे मी लिहू की नको असा विचार करत होते. लिहिलं.

तू मनातलं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. तुला वाटतं मी तुझी मुलगी पळवली. मी तिला पळवलेली नाही, पण पळवावीशी वाटली नाही असं म्हणाले तर खोटं होईल. सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बुटांच्या नाड्या बांधत बसते आणि शेजारीण 'तुमची मुलगी' म्हणते. मी तिची चूक सुधारत नाही. तुला घर आहे, माझा भाऊ आहे, ही आहे, आणि वर त्या फलकावर नावही तुझंच आहे. मला सप्टेंबरात इतरांच्या मुली मिळतात आणि जूनमध्ये परत द्याव्या लागतात.

आता कामाचं. एक जूनला प्रांताची स्पर्धा आहे, इथेच. दारिया पात्र ठरली आहे. पण वारा असला की तिची खूण हलते, पाऊल लांबतं, उडी बाद. मी फळीपाशी हवी, तिथून तिचं उड्डाण दिसतं. खुणेपाशी मला पक्का डोळा हवा. प्रांतात तुझ्यासारखा डोळा नाही, हे मी तेव्हाही म्हणायचे.

येशील?

ओलेना


झोलोटा,
१९ मे

ओलेना,

पेरणी चालू आहे. ओरेस्तला शेतात जेवण न्यावं लागतं. आणि माझा डोळा आता तसा राहिला नाही. दुसरं कुणीतरी बघ.

मार्ता


सस्काटून,
२४ मे

मार्ता,

पेरणी तीस तारखेपर्यंत आटपते, मीही त्याच शेतात वाढले आहे.

तुला बोलवायची कल्पना माझी नव्हती. मी तिला म्हटलं होतं की फळीपाशी दुसऱ्या मास्तरांना उभं करू आणि खुणेपाशी मी राहते. ती म्हणाली, 'खुणेपाशी आई हवी.' मला ते लागलं, म्हणून तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते. ये.

ओलेना


झोलोटा,
४ जून

ओलेना,

शनिवारी मी न सांगता निघून आले. तू दारियाला मिठी मारत होतीस, ओरेस्त ओरडत होता, आणि मी ट्रकमध्ये जाऊन बसले. तुला वाटलं असेल, विक्रम मोडला म्हणून हिचं तोंड आंबट झालं. तसंही होतं. पण ते पूर्ण कारण नाही.

तू फळीपाशी होतीस, त्यामुळे पाचव्या उडीनंतर काय झालं ते तुला दिसलं नाही. वारा मागून होता. तिचा पाय खुणेच्या अर्धी वीत पुढे पडला. मला स्वच्छ दिसला. मग ती उडाली, खड्ड्याच्या कडेला माझ्या विक्रमाचं छोटं निशाण रोवलं होतं त्याच्या पुढे उतरली, आणि पंचानं लाल झेंडा वर केला. बाद. ती चालत माझ्याकडे आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. एकच उडी उरली होती. मला विचारलं, 'आई, खूण?'

माझ्या तोंडात 'अगदी खुणेवर' हे शब्द तयार होते. तयार, ओलेना. मला शोधावे लागले नाहीत, कारण ते मी आधी एकदा वापरले आहेत.

पंचावन्न साल, तुझी पाचवी उडी. मी आघाडीवर होते. तुझा पाय खुणेच्या चार बोटं पुढे पडला. तू माझ्या निशाणाच्या खूप पुढे उतरलीस आणि फळीच्या पुढे अंगठ्याची खूण उमटली म्हणून बाद झालीस. तू माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, 'मार्ता, खूण?' मी म्हटलं, 'अगदी खुणेवर.' चार बोटं मागून सुरुवात कर, एवढंच सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. तुला वाटलं धाव बरोबर आहे, चूक शेवटच्या पावलांत आहे. म्हणून सहाव्या उडीला तू शेवटची पावलं आखडलीस आणि फार अलीकडे उतरलीस. मी जिंकले. ट्रकमधून येताना तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस.

दारियाला मी म्हटलं, 'अर्धी वीत मागे.' ती मागे गेली. पाच एक्कावन्न. पुढचं तू बघितलंस.

एकोणीस वर्षं मी तो आकडा सांभाळला. कॉफी पिताना बघितला. आता तो गेला आणि मला वाटलं, आता तरी सांगता येईल. तू ओळखलं असशील, असंही अधूनमधून वाटायचं. तू कधी काही बोलली नाहीस. ओळखून गप्प बसली असशील तर तुझा मोठेपणा.

मार्ता


सस्काटून,
१६ जून

मार्ता,

मी ओळखलं नव्हतं.

आठ दिवस पत्र लिहायला घेते आणि फाडते. मी ओळखलं असेल अशी आशा तू बाळगलीस, म्हणजे तुझं काम सोपं झालं असतं. नाही ओळखलं. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी एकोणीस वर्षं माझ्या शेवटच्या दोन पावलांना शिव्या दिल्या. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी तेच सुधारत बसले. न चुकलेली गोष्ट सुधारत बसले, म्हणून ती बिघडली, आणि मग मी उडी मारणं सोडलं. मुलींना शिकवताना सांगते की मला ऐन वेळी पावलं आखडायची सवय होती, तशी तुम्ही लावून घेऊ नका. माझं उदाहरण देते, मार्ता. वर्गासमोर.

जिंकणारीला टोरोंटोच्या निवड-स्पर्धेला जायचं होतं. तू जिंकलीस, आणि तुझ्या बापानं कापणी आहे म्हणून तुला जाऊ दिलं नाही. ती जागा रिकामी गेली. तू तेव्हा रडलीस आणि मी तुझी समजूत काढली. मी!

तुझं मन हलकं झालं असेल. माझ्या मनाचं तू विचारलं नाहीस.

तू शनिवारी खरं सांगितलंस, तेही मी विसरत नाही. पण आईनं मुलीला खरं सांगितलं, याबद्दल हार घालायचा का तुला? तुझा डोळा चांगला आहे, हेच मला सगळ्यात जास्त छळतं. डोळा चुकला असता तर मी हसले असते.

दारिया अठ्ठावीस तारखेच्या बसनं घरी येते आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुझं काम आहे. ऑगस्टमध्ये विनिपेगला राष्ट्रीय स्पर्धा आहे, आणि तिला पुन्हा तूच खुणेपाशी हवी आहेस. कोण उभी आहे ते तिला माहीत असायला हवं.

ओलेना


झोलोटा,
४ जुलै

ओलेना,

सांगितलं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बागेत वाटाण्याच्या शेंगा तोडताना. मी शेंगांकडे बघत बोलले, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. तिनं टोपली खाली ठेवली आणि घरात गेली.

दोन दिवस बोलली नाही. बापाशी बोलली, कुत्र्याशी बोलली. मिसेस क्लिमचुक कॅन्टीनमध्ये म्हणाली, 'मुलीनं विक्रम मोडला, आणि घरात कुणी मेल्यासारखं काय गं?' मी कॉफी अर्धी टाकून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारियानं अंडं खाता खाता विचारलं, 'त्या पाचव्या उडीला आत्या किती लांब गेली होती?'

मी म्हटलं, बाद उडी मोजत नाहीत, वाळू लगेच सपाट केली.

'तुला माहीत आहे,' ती म्हणाली. 'तू बघितलं असशील.'

माहीत होतंच. मी ते इतक्या वेळा मोजलं आहे. अंगठ्याचा तो इंच वजा करूनही अठरा फूट दोन इंच. तिला सांगितलं. तिनं बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर पेन्सिलीनं मीटर केले. पाच चौपन्न निघाले. तिचे पाच एक्कावन्न. दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली आणि म्हणाली, 'म्हणजे मी अजून मोडलेलाच नाही.'

माझी उडी तिनं सहा सेंटिमीटरनं मोडली, ओलेना. एकोणीस वर्षांची माझी उडी. त्याचं तिला आता काहीच नाही. तिला तुझी उडी हवी आहे, जी कुठल्या फलकावर नाही, फक्त माझ्या डोक्यात होती आणि आता तिच्या डोक्यात आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी कोठारामागच्या वाटेवर धावते. पाच चौपन्नवर दगड ठेवलाय. मी खिडकीतून बघते. खोटं कशाला बोलू, मला अजून तुझा हेवा वाटतो. पहिल्यापेक्षा जास्त. पूर्वी निदान मी पुढे होते.

काल ती म्हणाली, आत्याला पत्र लिहिशील तेव्हा विनिपेगचं कळव. खुणेपाशी आत्यानं उभं राहावं, फळीपाशी मास्तर राहतील. मी म्हटलं, कळवते. मग न राहवून विचारलं, 'आणि मी कुठे उभी राहू?'

'तू लोकांत बस, आई.'

रागानं नाही म्हणाली. मी बसेन.

मार्ता